वारा आणि लहान विमान

सुरत विमानतळाचे नाव काढले की लोकांना म्हैस आठवते. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी उड्डाणासाठी धावणाऱ्या एका बोइंग विमानाची तेथे म्हशीला धडक बसली होती; प्रवासी सुखरूप राहिले. मला मात्र तो विमानतळ आठवतो वाऱ्यामुळे.

२०२२ साली दहावीची परीक्षा देऊन मी मामांकडे सुरतेस गेलो होतो. त्याच जानेवारीपासून तेथून भावनगर, अमरेली, राजकोट येथे नऊ आसनी सेसना विमाने जाऊ लागली होती. मामांच्या भागीदाराचे वडील अमरेलीस वारले, म्हणून मामा निघाले. आकाश निरभ्र, पण विमान सुटेना. “वारा आहे,” एवढेच उत्तर. समोरून मोठे विमान उडून गेले, तेव्हा मामा भलतेच संतापले. मलाही त्यांचेच खरे वाटले.

वास्तविक वारा हा विमानाचा मित्र. सुरतेची पोरे पतंग चढवताना वाऱ्याकडे तोंड करून धावतात, तसेच विमानही. पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, त्याला कळतो तो अंगावरून वाहणाऱ्या हवेचा. सेसना १७२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान सुमारे ५५ नॉटला, म्हणजे ताशी १०० किलोमीटरला, जमीन सोडते. समोरून १० नॉट वारा असेल तर चाकांना ४५ नॉट पुरतात.

आता वाणिज्य शाखेचा हिशेब पाहा. वारा नसताना या विमानाला सुमारे २९० मीटर धावावे लागते. पुस्तिका सांगते, समोरून ९ नॉट वारा असेल तर अंतर दहा टक्के घटते. पाठीमागून मात्र दर २ नॉटला दहा टक्के वाढते. म्हणजे पाठीवर १० नॉट घेऊन निघाल्यास ४३५ मीटर! नफा चिमूटभर, तोटा ओंजळभर.

सुरतेची धावपट्टी २९०० मीटरची, लांबीची चिंता नाही. तिची दिशा नैऋत्य–ईशान्य असल्याने पावसाळी वारा समोरून मिळतो. पण वारा पश्चिमेकडून आला की त्याचा तीन-चतुर्थांश जोर बाजूने लागतो. हलके विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे नाक वळवते, वाऱ्याकडचा पंख उचलला जातो. लांब धावपट्टीचा येथे काही उपयोग नाही. सेसना १७२ ची चाचणी १५ नॉट आडव्या वाऱ्यापर्यंत झाली आहे, कॅरॅव्हॅनची २० पर्यंत. झोतांचा वारा तर अधिक वाईट. चाके सुटताच झोत ओसरला, तर पंखावरचा वेग क्षणात घटतो आणि विमान खाली बसते. मोठ्या विमानाचा वेग आणि वजन जास्त, म्हणून तेच झोत त्याला फारसे हलवत नाहीत.

डोंगरात निवडीलाही वाव नसतो. नेपाळातील लुक्ला येथे ५२७ मीटरची उतरती पट्टी आहे; उड्डाण दरीकडेच, वारा कोठूनही येवो. म्हणून दुपारचा वारा उठण्याआधी सकाळीच विमाने उडवतात. डोंगराआड वारा खालीही दाबतो. विक्रमवीर स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर २००७ रोजी नेवाडातून लहान विमानाने निघाले, ते परतले नाहीत. खाली येणारा वारा विमानाच्या चढण्याच्या शक्तीहून भारी ठरला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

मामा अमरेलीस पोचले तेव्हा अंत्यविधी आटोपला होता. पुढे मी हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “हे तेव्हा खिडकीवरच्या माणसाने का नाही रे सांगितले?”