भंगारातील धातू आणि त्यांचे मोल

"दिसते तसे नसते, म्हणून जग फसते" ही म्हण माणसांच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच ती धातूंच्या बाबतीतही खरी आहे. माळ्यावर पडलेला काळवंडलेला बंब, गंजलेली लोखंडी खाट, गळका नळ, बंद पडलेला पंखा, चेपलेली पातेली या सर्व वस्तूंना आपण 'भंगार' या एकाच नावाने संबोधतो. भंगारवाल्याची हाक ऐकू आली म्हणजे त्या एकत्रच बाहेर काढल्या जातात, तराजूत पडतात, आणि हाती येतील ते पैसे घेऊन आपण दार लावून घेतो. वस्तुतः त्या ढिगातील एका वस्तूच्या एक किलोचे मोल दुसऱ्या वस्तूच्या एक किलोच्या वीसपट असू शकते. कोणत्या धातूचे मोल अधिक, ते अधिक का, आणि तो धातू ओळखावा कसा, याचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पूर्वजांना हा विषय अपरिचित नव्हता. जुने तांब्यापितळेचे भांडे फुटले की ते 'मोड' म्हणून कासाराकडे किंवा तांबटाकडे जाई. मोडीचे वजन होई आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वजा होई. भांडे मोडले तरी धातू मोडत नाही, हे तत्त्व त्या व्यवहाराच्या मुळाशी होते. तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम हे धातू वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येतात, आणि नीट शुद्ध केल्यास त्यांचा गुण कमी होत नाही. लाकूड जळते, कापड विरते. धातू मात्र रूप बदलून उरतो. म्हणूनच त्याला मोडीतही भाव येतो.

आता प्रत्यक्ष भावाकडे वळू. धातूंचे भाव रोज बदलतात. १८७७ साली स्थापन झालेल्या लंडन मेटल एक्स्चेंज या बाजारपेठेत तांबे, ॲल्युमिनियम, शिसे, जस्त, कथील, निकेल यांचे जे भाव ठरतात, त्यांचे पडसाद आपल्या गावच्या भंगाराच्या दुकानापर्यंत पोहोचतात. म्हणून रुपये-आणे-पैशांत भाव सांगण्यापेक्षा प्रमाण सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल. लोखंडी भंगाराचा भाव एक मानला, तर ॲल्युमिनियमचा भाव साधारणतः चार ते सहा, पितळेचा बारा ते सोळा आणि तांब्याचा वीस ते पंचवीस असतो. न गंजणारे चांगल्या प्रतीचे पोलाद, ज्याला आपण स्टेनलेस स्टील म्हणतो, ते लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या मध्ये कोठेतरी बसते. सारांश, नेहमी हाताशी येणाऱ्या धातूंत तांबे हा राजा, पितळ हा प्रधान आणि लोखंड हा प्रजाजन होय.

ही उतरंड कशाने ठरते? केवळ झळाळीने नव्हे. लोखंड स्वस्त आहे, कारण पृथ्वीच्या कवचात ते विपुल आहे आणि चांगल्या लोहखनिजात शेकडा साठाहून अधिक भाग लोखंडच असते. तांब्याची गोष्ट उलटी आहे. जगातील बहुतेक खाणींतून आज निघणाऱ्या दगडात तांब्याचा अंश शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे एक किलो तांब्यासाठी शंभर किलो किंवा त्याहून अधिक दगड फोडावा, दळावा आणि शुद्ध करावा लागतो. आपल्या देशात मध्य प्रदेशातील मलाजखंड व राजस्थानातील खेत्री येथे तांब्याच्या खाणी आहेत; परंतु त्यांवर देशाची गरज भागत नाही. उलट विजेच्या तारा, पंखे, पंप, रोहित्रे यांना तांब्यावाचून चालत नाही. पुरवठा तोकडा आणि मागणी अपार, असा हा मामला आहे.

ॲल्युमिनियमचा इतिहास याहून मनोरंजक आहे. पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक आढळणारा धातू हाच. पण तो प्राणवायूशी इतका घट्ट बांधलेला असतो की, तो मोकळा करणे फार काळ अतिशय महाग होते. १८८४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर जे छोटे टोपण बसवण्यात आले ते ॲल्युमिनियमचे होते. त्या काळी तो मौल्यवान धातूंत गणला जात असे! दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढली आणि राजवाड्यातील धातू स्वयंपाकघरात आला. तरीही खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम तयार करण्यास आजही सुमारे चौदा युनिट वीज खर्ची पडते. तेच भंगार वितळवून तयार केल्यास त्याच्या शेकडा पाच इतकीच ऊर्जा पुरते. चेपलेल्या पातेल्यास जो भाव मिळतो, तो त्यात साठलेल्या या विजेचा भाव आहे असे समजावे.

येथे एक प्रश्न सहज उद्भवेल. तांबेच सर्वांत महाग असेल, तर भंगार गोळा करणाऱ्याने केवळ तांब्याच्याच मागे का लागू नये? याचे उत्तर असे की, तांबे सुटे क्वचितच सापडते. ते पंख्याच्या पोटात, तारेच्या आवरणात, पंपाच्या गुंडाळीत दडलेले असते. म्हणून या धंद्यातील खरा नफा धातूच्या नावात नसून निवडीत आहे. एक उदाहरण घेऊ. दहा किलोंच्या एका ढिगात सात किलो लोखंड, दोन किलो ॲल्युमिनियम आणि एक किलो तांबे आहे. ढीग तसाच लोखंडाच्या भावाने विकला, तर त्याचे मोल दहा. तोच निवडून विकला, तर लोखंडाचे सात, ॲल्युमिनियमचे पाचाच्या प्रमाणात दहा आणि तांब्याचे वीस, असे एकूण सदतीस होते. वजन तेच, पण मिळकत पावणेचारपट! शिवाय वजनात दहावा हिस्सा असलेल्या तांब्याने अर्ध्याहून अधिक रक्कम मिळवून दिली.

निवड करण्यास मोठी यंत्रे लागत नाहीत. एक लोहचुंबक, एक कानस आणि सावध डोळे एवढे पुरे आहेत. चुंबक ज्याला घट्ट चिकटतो ते लोखंड किंवा साधे पोलाद. त्यातही बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वेगळे ठेवावे. ते ठिसूळ असून तुटलेल्या जागी राखाडी, दाणेदार दिसते. चुंबक न चिकटणारा पांढरा धातू हातात हलका लागला तर तो ॲल्युमिनियम होय. कारण सारख्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश इतकेच त्याचे वजन भरते. तो जड लागला आणि त्यावर गंज नसला, तर ते बहुधा निकेलयुक्त स्टेनलेस स्टील असते. मात्र स्टेनलेस स्टीलच्या काही जातींना चुंबक चिकटतो, हे विसरू नये.

कानशीचे काम यापुढचे आहे. नळाच्या तोट्या वरून चांदीसारख्या चकाकतात. कोपऱ्यावर कानस फिरवली आणि आत पिवळा रंग दिसला, तर ते पितळ. पांढरट राखाडी दिसला आणि तोटी आकारमानाने हलकी वाटली, तर ती जस्ताच्या मिश्रणाची समजावी. दोन्हींच्या भावात मोठे अंतर आहे. त्याचप्रमाणे अलीकडील पुष्कळ मोटारींच्या गुंडाळ्या तांबड्या रंगाचे रोगण चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेच्या असतात. बाहेरून तांबे दिसले तरी खरवडताच आतील पांढरेपणा उघडा पडतो. दिसते तसे नसते, ते हे असे.

शुद्धता हेही मोलाचे दुसरे नाव आहे. आवरण काढलेली, डाख किंवा कल्हई न लागलेली, चकचकीत तांब्याची तार सर्वांत वरच्या प्रतीची गणली जाते. ॲल्युमिनियमच्या तुकड्यात एक लोखंडी स्क्रू राहिला, तरी त्याचा भाव उतरतो. यास शास्त्रीय कारण आहे. लोखंडाबरोबर तांब्याचे तुकडे भट्टीत गेले, तर ते जळून जात नाहीत. पोलादातच मुरतात, आणि तापलेले पोलाद लाटताना त्यास भेगा पडतात. आपल्या बेळगावातील उद्यमबागेत अनेक ओतशाळा आहेत. भट्टीत काय टाकले यावरच ओतीव भाग टिकणार की तडकणार हे ठरते. भंगार नीट निवडणारा माणूस हा अशा कारखान्याचा पहिला कारागीर आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

बंद पडलेल्या भ्रमणध्वनींत आणि संगणकांत सोन्याचाही अंश असतो. तोक्यो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिंपिक व पॅरालिंपिक स्पर्धांची सुमारे पाच हजार पदके जपानी जनतेने दिलेल्या अशा जुन्या उपकरणांतील धातूंपासून घडवण्यात आली. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने मिळाले. पण त्यासाठी सुमारे ७९ हजार टन उपकरणे गोळा करावी लागली. घरच्या घरी तेजाब ओतून सोने काढू पाहणाऱ्यास सोन्यापेक्षा विषारी धूरच अधिक लाभतो. हे काम नोंदणीकृत कारखान्यांकडेच सोपवले पाहिजे.

येथून आपण विषयाच्या गंभीर बाजूकडे येतो. नफ्याच्या मोहात जीव गमावल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. तारेवरील आवरण जाळून तांबे काढण्याची रीत सर्वत्र दिसते. त्या धुरात अत्यंत घातक द्रव्ये असतात. शिवाय जळलेले तांबे काळे पडून त्याचा भावही घसरतो. सुरीने आवरण सोलणारा माणूस फुप्फुस आणि पैसा दोन्ही वाचवतो. मोटारीच्या बॅटरीत वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे असते, म्हणून ती फोडण्याचा मोह होतो. पण शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस आणि रक्तास कायमची इजा करते. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकारनजीकच्या एका वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिसे काढण्याचे काम चालत असे. तेथे २००७-०८ मध्ये काही महिन्यांत अठरा बालके दगावली. बॅटरी कधीही फोडू नये. ती अखंड स्थितीत विक्रेत्याकडे परत द्यावी. आपल्या देशात तसा नियमही आहे. दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली एका जुन्या उपकरणातील किरणोत्सर्गी कोबाल्ट उघडे पडून एकाचा मृत्यू झाला आणि अनेकांना इजा झाली. ज्या वस्तूवर तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह असेल, किंवा जी अनोळखी व आकाराच्या मानाने फार जड असेल, तिला हात न लावता अधिकाऱ्यांस कळवणे हेच शहाणपण.

प्रामाणिकपणाचाही प्रश्न आहेच. तांब्याचा भाव चढला की विजेच्या तारा आणि रेल्वेचे सामान चोरीस जाऊ लागते. रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून विकत घेणाराही अपराधी ठरतो. माल कोठून आला हे विचारल्यावाचून घेऊ नये आणि सांगता येणार नाही असा माल विकूही नये. तसेच एखाद्या वस्तूचे मोल तिच्या वजनात नसते. भंगाराच्या दुकानात वितळण्यासाठी पडलेला ताम्रपट हा धातूच्या हिशेबाने एक-दोन किलो तांबे. परंतु इतिहासाच्या हिशेबाने तो एका राजाचा, एका गावाचा, एका काळाचा साक्षीदार असतो. कोरीव अक्षरे असलेले जुने पत्रे व जुनी नाणी तराजूत टाकण्यापूर्वी जाणकारास अवश्य दाखवावीत.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भंगार वेचणाऱ्या माणसाकडे आपण फार वेळा तुच्छतेने पाहतो. पुण्यात १९९३ साली या कष्टकऱ्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभारली, आणि पुढे त्यांच्या ओळखपत्रांना पुणे महानगरपालिकेने मान्यता दिली. संघटनेच्या नावातच त्यांच्या धंद्याची यादी आहे, आणि 'कष्टकरी' या शब्दात त्यांचा स्वाभिमान. दिवसभर उन्हातान्हात हिंडून जमवलेल्या ढिगात तांबे किती आणि लोखंड किती, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या श्रमाचे मोल दुसराच कोणी घेऊन जातो. धातूंचे ज्ञान ही येथे केवळ परीक्षेपुरती विद्या नसून भाकरीची विद्या आहे.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या खेपेस दारात भंगारवाला येईल तेव्हा लोहचुंबक आणि कानस घेऊन आपल्या अडगळीतील वस्तू स्वतः निवडून पाहा. तांबे एकीकडे, पितळ एकीकडे, ॲल्युमिनियम आणि लोखंड एकीकडे. रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचलेले धातूंचे गुणधर्म त्या दिवशी हाताला कळतील. आणि तराजूच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसास त्याचा योग्य वाटा देण्यास विसरू नका; कारण आपण टाकून दिलेल्या वस्तूतील धातू पुन्हा जगाच्या उपयोगी आणणारा तोच आहे.