बिघाडातले माधुर्य

ध्वनिमुद्रणाचा इतिहास चाळला, तर तो बहुतांशी खरखरीविरुद्ध चाललेल्या मोहिमेचाच इतिहास आहे असे दिसून येईल. लाखेच्या तबकडीवरील खसखस, चुंबकीय फितीवरची सूं-सूं यांचा एकेक करून बंदोबस्त करीत अभियंते पुढे सरकत गेले, आणि १९८२ साली सोनी व फिलिप्स या कंपन्यांची सीडी बाजारात आली तेव्हा ही लढाई आता कायमची जिंकली, अशी सर्वांची समजूत झाली. त्या विजयाला वीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच व्हिएन्नाच्या ख्रिस्तियान फेनेस या एकट्या कलावंताने, गिटार आणि संगणक एवढ्याच मुख्य सामग्रीवर, यंत्राची अडखळ, चरचर आणि फाटका आवाज यांना मानाचे स्थान देणारा 'एंडलेस समर' हा अल्बम २००१ साली श्रोत्यांपुढे ठेवला, आणि आश्चर्य असे की तो ऐकणाऱ्यांना कर्कश न वाटता विलक्षण मधुर वाटला.

'ग्लिच' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगीतप्रकाराचे मूळ सीडीच्या अंतरंगात सापडते. तबकडीवरील सूक्ष्म खळग्यांवरून लेझरचा किरण फिरतो आणि दर सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने आकड्यांतून ध्वनी पुन्हा उभा करतो. मात्र आकड्यांची मांडणी मुद्दाम अशी विखुरलेली असते की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा मजकूर सलग नष्ट झाला, तरी उरलेल्या आकड्यांवरून गहाळ भाग हुडकून यंत्र तो बिनबोभाट भरून काढते. नुकसान याहून मोठे असले की यंत्र अंदाजाने वेळ मारून नेऊ लागते, आणि तेही जमेनासे झाले म्हणजे ज्याला आपण 'सीडी अडकली' म्हणतो तो प्रकार होतो: सुराचा तोच तुकडा टक्-टक् करीत पुन:पुन्हा आदळत राहतो. जपानी कलावंत यासुनाओ तोने याने १९८०च्या दशकात सीडीवर भोके पाडलेली चिकटपट्टी लावून हा अडखळा हेतुपुरस्सर घडवून आणला. जर्मनीत 'ओव्हल' या नावाने काम करणाऱ्या मार्कुस पॉप याने १९९५च्या '९४डिस्कोंट' या अल्बममध्ये त्याच अडखळ्यांतून संथ लयीची रचना उभी केली.

फेनेसपर्यंत पोहोचणारा हा एक प्रवाह; दुसरा प्रवाह 'अँबियंट' संगीताचा. संगीतकार ब्रायन ईनो याने १९७८ साली विमानतळासाठी म्हणून जे संगीत रचले, त्यामागची भूमिका अशी होती की श्रोत्याने लक्ष दिले तर गुंतून जावे आणि न दिले तरी बिघडू नये. ठेका नाही, ध्रुपद नाही, केवळ सुरांचे एक वातावरण. हे दोन्ही प्रवाह फेनेसच्या अल्बममध्ये येऊन मिळतात, परंतु तिसरी एक गोष्ट तेथे आधीपासूनच हजर असते, आणि ती म्हणजे गोड चाल.

१९६२ साली ऑस्ट्रियात जन्मलेला फेनेस मूळचा रॉक वाद्यवृंदातला गिटारवादक. व्हिएन्नातील 'मेगो' या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या परिवारात तो संगणकाकडे वळला, तरी तरुणपणी ऐकलेली गाणी त्याच्या मनातून गेली नाहीत. १९९८ साली त्याने रोलिंग स्टोन्स आणि कॅलिफोर्नियाचा बीच बॉइज या वाद्यवृंदांची एकेक रचना जवळजवळ ओळखू येणार नाही इतकी विरघळवून पेश केली होती. 'एंडलेस समर' हे नावही बीच बॉइजच्या १९७४च्या गाजलेल्या संकलनाचे, आणि त्याआधी लाटांवर स्वार होण्यासाठी जगभर उन्हाळ्यामागे फिरणाऱ्या दोन तरुणांवरील १९६६च्या चित्रपटाचे. ज्याच्या देशाला समुद्रकिनाराच नाही, अशा माणसाने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील उन्हाळा आठवावा, हा मामला मुळातच उसन्या स्मृतीचा आहे, आणि उसनी स्मृती अखंड कशी असणार?

अल्बमला नाव देणाऱ्या रचनेत गिटारीच्या तारांवर सरळ हात फिरवल्याचा आवाज कणाकणांच्या धुरळ्यातून वर येतो. स्वरसंगती इतकी साधी की एखाद्या चित्रपटगीताला शोभावी. संगणकाने हे वादन बारीक बारीक तुकड्यांत कापून, काही ताणून, काही एकमेकांवर रचून परत केलेले असते, म्हणून चाल कानाशी येते आणि पकडू जावे तोच निसटते. 'बिफोर आय लीव्ह' या रचनेत तर अडकलेल्या सीडीसारखा एकच स्वर थरथरत राहतो, परंतु त्या थरथरीखाली स्वरसंगती शांतपणे बदलत जाते, आणि थोड्याच वेळात ध्यानात येते की ज्याला आपण बिघाड समजत होतो तोच या रचनेचा ठेका आहे. अखेरची 'हॅपी ऑडिओ' ही आठांपैकी सर्वांत दीर्घ रचना.

खरखरीतून गोडवा काढण्याची ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, रेशमाचा दोरा सरकवून जवारी काढतात तेव्हा निर्मळ तारेत एक झंकार मुद्दामच मिसळला जातो, आणि त्यावाचून स्वर पोकळ वाटतो, हे मिरजेचे कारागीर जाणतात. फरक एवढाच की जवारी एकदा जमली की स्थिर राहते, तर फेनेसची चरचर सतत चालीवर चाल करून येते, तिला झाकते, तोडते. आणि म्हणूनच ती चाल, जी धडधाकट ऐकवली असती तर पर्यटनाच्या जाहिरातीइतकी उथळ वाटली असती, जखमी अवस्थेत खरी वाटते. माधुर्याला विश्वासार्हता देण्याचे काम येथे बिघाडाने केले आहे.

पुढे ही चरचर संगणकातील आज्ञावलींत तयार मालासारखी मिळू लागली आणि जाहिरातींपासून लोकप्रिय गाण्यांपर्यंत सर्वत्र दागिन्यासारखी वापरली गेली. त्यांतील बरेचसे विसरले गेले, कारण तेथे मोडायला काही नव्हतेच. 'एंडलेस समर' मात्र टिकला, कारण त्यात आधी गाणे होते. ऐकायचा असल्यास मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकू नये. खालचे स्वर तेथे गळून पडतात आणि नुसती खरखर उरते, मग अल्बमवर रागावण्यात अर्थ नाही.