'यो' कधी म्हणायचं, कधी गिळायचं

स्पॅनिश शिकायला घेतली की पहिल्याच धड्यात सर्वनामांचा तक्ता समोर येतो: यो म्हणजे मी, तू म्हणजे तू, एल तो, एया ती. मोबाइलवरचे धडे बहुतेक इंग्रजीतून असतात. त्यामुळे अकोल्या-अमरावतीच्या नवशिक्याच्या मनात जे गैरसमज बसतात, त्यांतला सर्वांत मोठा इंग्रजीकडूनच येतो.

तो असा, की प्रत्येक वाक्याला सर्वनाम हवंच. वऱ्हाडात "कुठी चालला?" असं विचारलं तर "वावरात चाललो" एवढंच उत्तर येतं. 'तू' आणि 'मी' क्रियापदातच असतात. स्पॅनिशचंही तेच. आब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लास म्हणजे तू बोलतोस, आब्लामोस म्हणजे आम्ही बोलतो. 'यो आब्लो' चूक नाही, पण त्यात 'मी बोलतो, बाकीच्यांचं मला माहीत नाही' असा सूर येतो. 'पाऊस पडतोय' यासाठी तर 'युएबे' हा एकच शब्द पुरतो. मात्र 'आब्ला' हे रूप तो, ती आणि आदरार्थी उस्तेद या तिघांनाही चालतं. कोणाविषयी बोलणं चाललंय ते स्पष्ट नसेल, तर तिथे सर्वनाम घालावंच लागतं.

'उस्तेद म्हणजे आपलं तुम्ही' हा गैरसमज मात्र घरचा. अर्थ जवळचा आहे, व्याकरण नाही. आपण बाबांना "तुमी कधी आले?" म्हणतो, म्हणजे माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी. उस्तेद आलं 'बुएस्त्रा मेर्सेद' यातून, म्हणजे 'आपली कृपा'. म्हणून त्याचं क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: एका काकांना 'उस्तेद आब्ला', चार काका बसले असतील तर 'उस्तेदेस आब्लान'. उस्तेद फक्त परक्यांसाठी, हेही सगळीकडे खरं नाही. कोलंबियाच्या काही भागांत ते घरातही चालतं. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात. तक्त्यातलं बोसोत्रोस (तुम्ही सगळे) मुख्यतः स्पेनमध्येच ऐकू येतं, तेव्हा मेक्सिकोच्या लोकांशी बोलायचं असेल तर ते खुशाल मागे ठेवा.

स्पॅनिश 'तू' आणि मराठी 'तू' सारखे हा योगायोग नाही, आणि कोणी कोणाकडून उसनाही घेतलेला नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच भारोपीय कुळातल्या, त्यामुळे शब्दाचं मूळ एक. उच्चारही आपल्या 'त'चाच. इंग्रजी वळणाचा 'टू' नको.

आपण आणि आम्ही हा भेद स्पॅनिशमध्ये नाही, दोन्हींना नोसोत्रोस. सगळ्या बायाच असतील तर नोसोत्रास, पण त्यांत एक पुरुष आला की व्याकरण पुन्हा नोसोत्रोसवर जातं. (स्पॅनिश बोलणाऱ्या काही बायकांनाही हे खटकतं.)

बोलणारी बाई असेल तर क्रियापद बदलावं लागेल, असं प्रमाण मराठीच्या 'जातो-जाते'मुळे वाटतं. काही बोलींत बायाही सर्रास "मी जातो" म्हणतात, त्यांना हा प्रश्नच पडणार नाही. स्पॅनिशमध्येही 'बोय' (मी जातो किंवा जाते) सर्वांना एकच. लिंग दिसतं ते विशेषणात: दमलेला पुरुष 'कान्सादो', दमलेली बाई 'कान्सादा'.

खुर्चीला आपण 'ती' म्हणतो, आणि स्पॅनिशमध्येही खुर्ची स्त्रीलिंगीच. म्हणून "ती मोडली" सांगताना 'एया' तोंडात येतं. पण निर्जीव वस्तू कर्ता असली की तिथे सर्वनाम सहसा गाळतात. नुसतं 'एस्ता रोता' म्हणायचं.