दोन जेम्स के आणि नांदगाव पेठ

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर नांदगाव पेठ लागते. औष्णिक वीजकेंद्र, एमआयडीसी आणि कापडाचे कारखाने ही या गावाची आजची ओळख आहे. २०१७ साली रेमंडने इथे लिननचा कारखाना सुरू केला, आणि कापसाच्या मुलखात एक नवा धागा आला. खरे तर ते झाड वऱ्हाडाला नवे नाही. लिनन निघते ते अळशीच्या खोडातून, आणि अळशी म्हणजे आपला जवसच. आपल्या शेतकऱ्याने तो पेरला तेलासाठी आणि चटणीसाठी. धाग्याची जात उंच, सरळ वाढणारी असते आणि ती मुख्यत्वे पश्चिम युरोपात पिकते. या धाग्याचे बारीक सूत यंत्रावर कसे निघाले, हे पाहू गेले की जेम्स के हे नाव समोर येते. कापसाच्या धुळीने कामगाराची छाती कशी बिघडते याच्या सुरुवातीच्या नोंदी शोधू गेले, तरी जेम्स के हेच नाव येते. दोघेही लँकशायरचे आणि एकाच काळातले. पण माणसे वेगळी आहेत. एक यंत्रकार, दुसरा डॉक्टर. नांदगाव पेठेत आज या दोघांचीही गरज आहे. त्यातल्या पहिल्याची पारखणी आपण फार काळजीने करतो आणि दुसऱ्याची जवळजवळ करतच नाही, हा या लेखाचा मुद्दा आहे.

पहिल्या के यांचे काम आधी पाहू. अळशीचा तंतू कापसासारखा मऊ आणि सुटा नसतो. त्याचे बारीक पुंजके नैसर्गिक डिंकाने एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे कोरडा ताणला तर सूत जाडेभरडे निघते, नाहीतर तुटते. प्रेस्टनच्या जेम्स के यांनी १८२५ साली पेटंट घेतले ते याच अडचणीवरच्या उपायाचे. पेळू काही तास पाण्यात भिजवायचा, डिंक सैल पडू द्यायचा, आणि मग एरवीपेक्षा खूप जवळ, सुमारे अडीच इंचांवर बसवलेल्या रुळांमधून तो ओढायचा. यंत्रावर बारीक लिनन कातण्याची वाट त्यातून मोकळी झाली आणि पुढे आयर्लंडमधल्या बेलफास्टचा उद्योग याच ओल्या कताईवर वाढला. पेटंट मात्र टिकले नाही. लीड्सच्या मार्शल कंपनीविरुद्धचा खटला १८४१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. रुळांमधले अंतर कमीजास्त करता येणारी यंत्रे आधीपासून होतीच, तेव्हा अंतर कमी करणे हा शोध होत नाही, असे ठरून के हरले. पण कागद रद्द झाला म्हणून सूत निघायचे थांबले नाही. यंत्राचे प्रमाणपत्र यंत्राच्याच तोंडी असते. धागा तुटला तर तो त्याच क्षणी तुटलेला दिसतो, आणि कापडात खोट असेल तर ती गिऱ्हाइकाच्या हाताला लागते.

दुसरे के १८०४ मध्ये रॉचडेलला जन्मले. १८२७ साली एडिनबरोहून एम.डी. होऊन ते मँचेस्टरला आले आणि आर्डविक व अँकोट्स या गिरणगावी वस्त्यांच्या धर्मादाय दवाखान्यात काम करू लागले. १८३१ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीच्या विकाराचे वर्णन छापले. त्याला त्यांनी कातणाऱ्यांचा क्षय म्हटले. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आणि आज बिसिनोसिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजाराच्या अगदी आरंभीच्या वर्णनांत ते मोडते. पुढच्या वर्षी, कॉलऱ्याच्या साथीत, कामगार वस्त्यांच्या हलाखीवर त्यांनी लिहिलेली पुस्तिका अधिक गाजली. नंतर ते शिक्षणखात्याकडे वळले, पत्नीचे माहेरचे आडनाव आपल्या आडनावाला जोडून के-शटलवर्थ झाले आणि इतिहासात त्याच नावाने राहिले. त्यामुळे निदान या जोडीतला घोळ तरी कमी झाला. कापडाच्या इतिहासात असे घोळ आणखी आहेत. १७३३ साली उडता धोटा काढणारे बरी गावचे जॉन के वेगळे, आणि आर्कराइट यांना कताईच्या यंत्रात मदत करणारे वॉरिंग्टनचे घड्याळजी जॉन के वेगळे.

नुसत्या नावाने माणूस ओळखता येत नाही, हे वऱ्हाडाला सांगायला नको. देशमुख, ठाकरे, वानखडे ही आडनावे इथे गावोगाव आहेत. आणि 'डॉक्टर' ही पदवी तरी काय सांगते? अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते डॉ. पंजाबराव देशमुख वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा अभ्यास करून डॉक्टर झाले होते, आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. रोग्यापुढे बसलेला डॉक्टर कशाचा डॉक्टर, हे ठरवायला सार्वजनिक नोंदवही लागते. ब्रिटनमध्ये ती १८५८ च्या कायद्याने आली, म्हणजे डॉ. के यांच्या दवाखान्याच्या दिवसांनंतर कितीतरी वर्षांनी. मुंबई इलाख्यात १९१२ साली कायदा झाला आणि १९६५ च्या कायद्याने महाराष्ट्र वैद्यक परिषद उभी राहिली. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठी, दाखला, पावती यांवर लिहायचा असतो. आयुर्वेदाची आणि होमिओपॅथीची नोंदणी स्वतंत्र परिषदांकडे होते. म्हणून बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टरकडे जाणे यात चुकीचे काही नाही. चूक आहे ती समोरच्याचे शिक्षण कशाचे हे न विचारता जाण्यात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की क्रमांकाने हाताला गुण येत नाही. भिंतीवर चौकटी लावलेला डॉक्टर निष्काळजी निघतो, आणि साध्या खोलीतला डॉक्टर रात्री दोनला उठून येतो. हे खरे आहे, आणि नोंदवही कौशल्याची हमी देतही नाही. ती सांगते की हा माणूस तोच आहे, त्याने अमुक शिक्षण घेतले आहे, आणि काही बिघडले तर त्याला जाब विचारायला जागा आहे. एवढेच असूनही त्याला फार मोल आहे, कारण फुप्फुस सुतासारखे लगेच तुटून दाखवत नाही. बिसिनोसिसमध्ये सुरुवातीला साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेलेल्या दिवशी छाती आवळते आणि दम लागतो. मधल्या दिवसांत बरे वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. बेल्जियमच्या गेंट शहरातले गिरणी कामगार सोमवारचे हे दुखणे १८४५ मध्येच डॉक्टरांना सांगत होते. वर्षे जातात तसे ते रोजचे होते, आणि शेवटी धूळ सोडली तरी दम सुटत नाही. क्ष-किरणाच्या फोटोत या रोगाची खास अशी खूण नसते. त्यामुळे तो दमा म्हणून, जुनाट खोकला म्हणून किंवा क्षय म्हणून वर्षानुवर्षे चुकीच्या औषधांवर काढला जाऊ शकतो. जिथे चुकीचा परिणाम इतक्या उशिरा दिसतो, तिथे पारखणी आधीच करावी लागते.

दुसरा आक्षेप यंत्राच्या बाजूने येतो: नवी यंत्रे बंदिस्त आहेत, धूळ ओढून घेणारी आहेत, हे जुने रोग आता कुठले? यंत्राने रोग घालवल्याची उदाहरणे आहेत, आणि ती मोलाची आहेत. जुन्या मागावर विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घेत, आणि एकच धोटा अनेकांच्या तोंडी जाई. अमेरिकेत १८९० च्या दशकात आलेल्या नॉर्थ्रॉप मागाच्या धोट्यात धागा आपोआप ओवला जाऊ लागला, तरी जुने माग चालूच राहिले, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याला १९११ साली ती पद्धत बंद करण्यासाठी कायदा करावा लागला. यंत्र सुधारले तरी नियम लागलाच. कापसाच्या धुळीचेही तेच झाले. अमेरिकेने १९७८ मध्ये गिरणीतल्या हवेत किती धूळ चालेल याची मर्यादा घातली, त्यानंतर तिथे हा रोग झपाट्याने घटला. शिवाय धूळ सगळ्या खात्यांत सारखी नसते. ओल्या कताईत ती कमी असते, पण त्याआधी अळशी विंचरताना भरपूर उडते. कापसात ती जिनिंग, ब्लो-रूम आणि कार्डिंगमध्ये सर्वांत जास्त. विणकामाच्या खात्यात धूळ घटली तरी आवाज असतोच, आणि आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा कानात काही न घालता ओलांडली तर बहिरेपणही असेच हळूहळू येते.

म्हणून डॉक्टरच्या पात्रतेत पदवीइतकाच एक प्रश्न मोजला पाहिजे. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यांनी १७०० साली सांगून ठेवले की रोग्याला त्याचा धंदा विचारा. नांदगाव पेठेत त्या प्रश्नाला आणखी एक शेपूट हवे: कोणत्या खात्यात? डॉ. के यांना रोग दिसला तो एडिनबरोच्या पदवीमुळे, आणि तितकाच अँकोट्सच्या बाकावर बसलेल्या कामगारांमुळे. दवाखाना आणि कारखाना यांच्यातले हे अंतर आपल्या कायद्यात जोडलेले आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिस होता, २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे, आणि असा रोगी तपासणाऱ्या डॉक्टरवर तो सरकारला लेखी कळवण्याची जबाबदारी टाकली आहे. ती फक्त कारखान्याच्या डॉक्टरवर नाही. गावातला, कुटुंबाचा डॉक्टरही तिच्यात येतो, आणि बहुतेक वेळा कामगार आधी जातो तो त्याच्याकडेच. पण कंत्राटी कामगार खाते बदलतो, मालक बदलतो, गाव बदलतो. खोकल्याच्या बाटलीबरोबर त्याच्या कामाचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, तर कळवायला हातात काहीच राहत नाही आणि भरपाईचा दावा उभा राहू शकत नाही.

२० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमात अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. हजार एकरांवर, जिनिंगपासून तयार कपड्यापर्यंत सगळे एके ठिकाणी, अशी ती कल्पना आहे. वऱ्हाडचा कापूस दीडशे वर्षे गाठी बांधून बाहेर गेला, तो इथेच कातला-विणला जाणार असेल तर त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. तिथे येणाऱ्या प्रत्येक मागाबरोबर बनावटीचा क्रमांक, चाचणीचे कागद आणि दुरुस्तीची वही येईल. तशीच एक वही प्रत्येक कामगाराचीही असावी. त्यात रुजू होतानाची फुप्फुसांची फुंकर-चाचणी आणि कानांची तपासणी, मग दरवर्षी तीच, खात्याच्या नावासह, तपासणाऱ्या डॉक्टरच्या सहीसह आणि नोंदणी क्रमांकासह लिहिलेली असावी. वहीची एक प्रत कामगाराच्या घरी राहावी, म्हणजे गावच्या दवाखान्यात जाताना तो ती बरोबर नेऊ शकेल. पार्क नवा आहे, त्यामुळे तिथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाची ही नोंद त्याच्या पहिल्या दिवसापासून सुरू करता येईल.