विनामूल्य आहाराचे मूल्य



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा वर्षांखालील बालकांना अंगणवाडीतून विनामूल्य मिळणारा आहार कोणाला किती पडतो, आणि तो घ्यावयास सर्वजणी का येत नाहीत, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम सरकारी खर्च पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. केंद्राने 2017 मध्ये वाढविलेल्या दरांनुसार पूरक आहारासाठी बालकामागे दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित बालकामागे 12 रुपये आणि मातेमागे साडेनऊ रुपये धरले गेले. महिन्याचे 25 दिवस मोजले तर मातेच्या वाट्यास 237 रुपये 50 पैसे येतात. तेलंगणाने 1 जानेवारी 2015 पासून ‘आरोग्य लक्ष्मी’ ही योजना आणली. तीत मातेने अंगणवाडीतच बसून जेवावयाचे असते : भात, पालेभाजी घातलेले वरण, एक अंडे व 200 मिलिलिटर दूध. महिन्याची अंडी 30 आणि दूध 5 लिटर. अंडे पाच रुपयांस व दूध चाळीस रुपये लिटर इतके स्वस्त धरले तरी ह्या दोन जिनसांचेच 350 रुपये होतात! केंद्राच्या दरात हे ताट बसत नाही, हे कोणत्याही गृहिणीस कागद-पेन्सिलीवाचून कळेल. वरचा भार राज्याने उचलावयाचा.

आता एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावी. जेवणारी आली नाही म्हणजे त्या दिवसाचा शिधा वाचतो आणि दप्तरात खर्च कमी दिसतो. परंतु सेविकेचे मानधन, इमारतीचे भाडे, धान्याची वाहतूक हे सर्व तेवढेच राहते. त्यामुळे वाढलेल्या प्रत्येक ताटाची खरी किंमत चढते. अशा बचतीस मी बचत म्हणत नाही.

मग ती का येत नाही? पहिले कारण पायाखालचे आहे. आदिवासी भागात 300 ते 800 वस्तीस एक अंगणवाडी व 150 ते 300 वस्तीस मिनी अंगणवाडी, असा निकष ठरला. आपल्याकडील गोंड व कोलाम गुडे कित्येकदा वीस-पंचवीस घरांचे. ते ह्या मोजपट्टीखालून निसटतात. सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 रोजी मागणीनुसार अंगणवाडी देण्याचा आदेश दिला, पण त्यासही वस्तीत किमान 40 बालके असण्याची अट आहेच. अशा गुड्यातील सात-आठ महिन्यांच्या गरोदर बाईने ओढा ओलांडून दुसऱ्या गुड्यात जावे, जेवावे आणि उन्हात परतावे, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. (याउलट जुन्या आदिलाबादच्या सीमेवर, जिवती–केरमेरीकडील वादग्रस्त चौदा गावांत, दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका बाळगणारी घरे आहेत. सीमारेषेचे गणित पोटाच्या गणिताशी जुळत नाही, ते असे.)

दुसरे कारण मजुरीचे. ऑक्टोबरापासून कापूस वेचणी सुरू होते. तिची मजुरी किलोवर मिळते. म्हणून दुपारचा एक तास म्हणजे पदरातला तेवढा कापूस कमी. फुकटच्या जेवणासाठी तिला रोख मोजावी लागते ती ही.

घरी न्यावयाच्या आहारास ही अडचण नाही. सात महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकासाठी ‘बालामृतम्’चे अडीच किलोचे पाकीट महिन्याला मिळते. पण घरी आलेले पीठ थोरल्या भावंडांच्याही वाटीत पडते. सरकार त्यास गळती म्हणते. आईने काय म्हणावे? 2020 च्या टाळेबंदीत शिधा घरपोच गेला, तेव्हा चालण्याचा व मजुरीचा प्रश्न मिटला आणि वाटणीचा वाढला. दोन्ही सोयी एकाच मापाने तोलणे मला योग्य वाटत नाही. गुडा दूर असेल तेथे, आणि वेचणीच्या हंगामात, शिधा घरी द्यावा व त्यात भावंडांचा वाटा आधीच धरावा, असे माझे मत आहे.

चवीचाही प्रश्न आहे. ज्वारीच्या गटक्यावर वाढलेल्या जिभेस परके पीठ रुचतेच असे नाही. पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ‘गिरी पोषण’ उपक्रमात ज्वारी-बाजरीचे तयार पदार्थ आदिवासी अंगणवाड्यांना पुरविले. उटनूरच्या आदिवासी महिलांच्या सहकारी संस्थेने मोहफुलांचे लाडू केले. परिचित अन्न दिले, तर ते खाण्याचा उपदेश करावा लागत नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील पाच वर्षांखालील सुमारे 33 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. खुद्द कोलामांसारख्या अतिमागास जमातींसाठी 15 नोव्हेंबर 2023 रोजी ‘पीएम जनमन’ अभियान घोषित झाले, त्यात देशभर 2,500 अंगणवाड्यांची तरतूद आहे. आपल्या डोंगरातील कोणत्या गुड्यापासून जवळची अंगणवाडी किती दूर आहे, ह्याची यादी गावोगाव विखुरलेले आपले माजी विद्यार्थी एका उन्हाळी सुट्टीत करू शकतील, आणि ती जिल्हा कार्यालयात देता येईल.