घरी काढलेला सफरचंदाचा रस: पिण्याआधी उकळी का द्यावी?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंड-अमेरिकेत परसातल्या झाडांखाली सफरचंदांचा खच पडतो. तिथली अनेक मराठी कुटुंबेही अशा जास्तीच्या फळांचा घरी रस काढतात किंवा बागेतून ताजा रस आणतात. तो चवीला छान लागतो, पण कच्चा पिणे सुरक्षित असेलच असे नाही.

सायडर म्हणजे रस की दारू?
अमेरिकेत 'सायडर' म्हणजे बहुधा न गाळलेला ताजा रस. ब्रिटनमध्ये मात्र सायडर आंबवलेले असते आणि त्यात साधारण 4 ते 7 टक्के अल्कोहोल असते. मुले, गर्भवती, यकृताचे रुग्ण आणि मेट्रोनिडाझोल घेणाऱ्यांनी आधी नीट विचारून घ्यावे.

धोका कुठून येतो?
जमिनीवर पडलेल्या फळांना गुरांची किंवा हरणांची विष्ठा लागू शकते. तिच्यात 'ई. कोलाय O157' हा जंतू असू शकतो. रस आंबट असल्याने जंतू मरतात, हा गैरसमज आहे. हा जंतू आंबट रसात आणि फ्रिजमध्येही तग धरतो. 1996 मध्ये अमेरिकेत पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसामुळे 60 हून अधिक लोक आजारी पडले आणि एका लहान मुलीचा मृत्यू झाला.

दुसरा धोका बुरशीचा. सडलेल्या सफरचंदात 'पॅट्युलिन' हे विष तयार होते. ते उकळूनही पूर्ण नष्ट होत नाही.

रस काढताना काय काळजी घ्याल?
- शक्यतो झाडावरून तोडलेली फळे वापरा.
- फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सडलेली, बुरशी लागलेली फळे टाकून द्या.
- हात, सुरी, मिक्सर, गाळणी स्वच्छ ठेवा.
- रस किमान 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर एक उकळी येऊ द्या.
- थंड करून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि 3-4 दिवसांत संपवा. फसफसलेला रस मुलांना देऊ नका.

कोणी विशेष जपावे?
पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा रस टाळावा. एक वर्षाखालील बाळाला कोणताच फळांचा रस देऊ नये. मधुमेहींनी लक्षात ठेवावे, की 200 मिलि रसात 20 ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि फळातला बहुतेक चोथा निघून गेलेला असतो. त्यांनी रसाऐवजी सालीसकट सफरचंद खाणे चांगले.

डॉक्टरांकडे कधी जावे?
कच्चा रस प्यायल्यावर साधारण 3-4 दिवसांनी (कधी 10 दिवसांपर्यंत) पोटात कळा येऊन जुलाब होऊ शकतात. जुलाबात रक्त दिसले, लघवी कमी झाली किंवा मूल फिकट, मलूल दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मूत्रपिंडांना इजा होत असू शकते. जुलाब थांबवणारी गोळी किंवा अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नका. कच्चा रस प्यायल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावरून योग्य तपासणी लवकर होते.