करडास चीक केव्हा व कसा पाजावा

माण, खटाव, आटपाडी व जत या कमी पावसाच्या तालुक्यांत पीक बुडाले तरी शेळी घर चालविते. तथापि पहिला चीक वेळेवर पोटात न गेल्यामुळे पुष्कळ करडे हकनाक मरतात. कित्येक ठिकाणी वार पडेपर्यंत करडास सडाला लावीत नाहीत; कोठे ‘चिकाने हगवण लागते’ म्हणून तो पिळून टाकितात. हे दोन्ही समज घातक होत.

गर्भात असता शेळीच्या रक्तातील रोगप्रतिबंधक द्रव्ये वारेतून करडास मिळत नाहीत; ती चिकातूनच मिळावयाची. ही द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्यांची शक्ती जन्मापासून तासातासाने घटते व सुमारे २४ तासांत संपते. म्हणून वारेची वाट न पाहता पहिल्या तासा-दोन तासांतच करडू पाजावे. त्याच्या चोखण्याने वार पडण्यासही मदतच होते.

प्रथम कास कोमट पाण्याने धुऊन पुसावी व प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा काढून टाकाव्या. दोन किलो वजनाच्या करडास पहिल्या दिवसात निदान २०० मिलिलिटर चीक तीन-चार वेळा विभागून मिळावा. जुळ्यांतील अशक्त करडू मागे राहते. त्यास स्वतः धरून पाजावे. गार पडलेल्या करडास आधी ऊब द्यावी. जे चोखू शकत नाही त्याच्या तोंडात चीक ओतू नये. तो फुप्फुसांत जाऊन करडू दगावते.

आई मेली वा तिला चीक कमी असला, तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या निरोगी शेळीचा चीक द्यावा. गाभ टाकलेल्या किंवा कासेचा रोग असलेल्या शेळीचा मात्र घेऊ नये. जादा चीक स्वच्छ लहान बाटल्यांत भरून बर्फपेटीत गोठवून ठेविल्यास अनेक महिने उपयोगी पडतो. पाजण्यापूर्वी बाटली कोमट पाण्यात ठेवून तो वितळवावा. चुलीवर कधीही ठेवू नये. आच लागताच चीक थिजून खरवस होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तसा थिजलेला चीक पोट भरील, पण त्यातील रक्षक द्रव्ये नष्ट झालेली असतात.

माणसांनी मात्र कच्चा चीक पिऊ नये. शेळीचे काही रोग त्यातून माणसासही होतात. घरातील मुलांस खरवस अवश्य मिळावा. परंतु करडाचे पोट भरून जो चीक उरेल, त्याचाच.